डाग कशाचा, ते आधी ओळखा: घरातल्या वस्तूंनी कपडे धुण्याची आणि डाग काढण्याची पद्धत

जेवता जेवता पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडतो. आपण उठतो, बेसिनपाशी जातो, साबणाची वडी चोळतो, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. मग घाबरून आणखी चोळतो, गरम पाणी ओततो. डाग पसरतो, कापडाचा पोत फुलतो आणि सदरा कायमचा कपाटाच्या तळाशी जातो.

माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला घरातल्या सहा जणींच्या पांढऱ्या-मोतिया साड्या अशाच माखल्या होत्या. संध्याकाळी मोरीत साबणाचं पाणी लालेलाल झालेलं पाहून सगळ्यांचा जीव खाली-वर झाला. आजी मात्र शांत होती. तिने साड्या पुरत्या खळबळूही दिल्या नाहीत. साबणासकट, ओल्या, सकाळी गच्चीवर उन्हात टाकायला लावल्या. दुपारपर्यंत लाल-पिवळं फिकं पडलं. तीन दिवसांत पाच साड्या स्वच्छ झाल्या. सहावी राहिली, कारण ती कुणीतरी रात्रीच धुऊन, घरात वाळवून, इस्त्री करून ठेवली होती. तिचा डाग आजही आहे.

बरेचसे डाग पडतात तेव्हा कच्चे असतात. पहिल्या पाच मिनिटांत घाईने केलेली कृती त्यांना पक्कं करते: रक्तावर गरम पाणी, गंजावर ब्लीच, कुठल्याही डागावर इस्त्री. म्हणून हातात काही घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, हा डाग कशाचा आहे?

डागाची जात

घरात पडणारे डाग ढोबळमानाने चार जातींचे असतात. चहा, जांभूळ, डाळिंब, पान, कोकम हे वनस्पतींचे रंग. त्यांना आंबट पदार्थ आणि ऊन मानवतं. रक्त, दूध, अंडं यांत प्रथिनं असतात. त्यांना गार पाणीच हवं, कारण उष्णतेने अंडं जसं घट्ट होतं तसंच प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. तेल, तूप, लोणी, ग्रीस यांच्यावर नुसत्या पाण्याचा काही उपयोग नाही; त्यांना आधी शोषून घ्यायचं आणि मग साबणाने सोडवायचं. चौथी जात लोखंडाची, म्हणजे गंज. त्याला आम्ल लागतं.

आपल्या स्वयंपाकघरातली अडचण अशी की एकाच थेंबात या जाती मिसळलेल्या असतात. रश्श्याच्या डागात तेल आहे, हळद आहे, तिखटाचा लाल रंग आहे. दुधाच्या चहात दूध आहे आणि चहाचं टॅनिन नावाचं तुरट द्रव्यही. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. तेल असेल तर ते आधी काढा, कारण तेलाचा थर असेपर्यंत पाणी आत शिरतच नाही. प्रथिन असेल तर ते गार पाण्याने आधी काढा. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी.

कुठलाही डाग असो, काही सवयी लावूनच घ्या. घट्ट पदार्थ चमच्याच्या कडेने खरवडून उचला. ओला डाग चोळू नका, सुती फडक्याने वरून दाबून टिपा. कापड उलटं करून मागच्या बाजूने पाण्याची धार सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर पडतो. समोरून धार सोडली तर तो आणखी आत जातो. काहीही लावताना डागाच्या कडेकडून मध्याकडे या. आणि रंगीत कापड असेल तर आतल्या शिवणीवर एक थेंब लावून दहा मिनिटं थांबा. रंग सुटला तर तो उपाय त्या कापडासाठी नाही.

चिखल तेवढा याला अपवाद. कोकणातल्या लाल मातीचा चिखल ओला असताना धुवायला गेलात तर तो धाग्याधाग्यात मुरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग गार पाण्यात घाला.

एका डब्यात काय काय ठेवावं

मोरीच्या फळीवर मी एक झाकणाचा डबा ठेवते. त्यात धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड, पांढरं व्हिनेगर, जाडं मीठ, खडूची पूड, मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट, रिठे आणि एक जुना टूथब्रश असतो. भांड्यांचं लिक्विड ओट्यावर असतंच. पेरॉक्साइडच्या बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असेल तर त्यात तेवढंच पाणी मिसळून ३ टक्के करून वापरा. मिसळलेलं टिकत नाही, म्हणून लागेल तेवढंच करा. बाटली अंधारातच ठेवा, उजेडाने ते निकामी होतं.

खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत बरीच गल्लत होते. खायचा सोडा सौम्य आहे. कुबट वास घालवायला, हलकं घासायला तो चांगला, पण मळ काढण्याची ताकद त्यात फारशी नाही. ती धुण्याच्या सोड्यात आहे. तो तेलकट मळ सोडवतो आणि जड पाणी मऊ करतो. धुण्याचा सोडा मिळाला नाही तर खायच्या सोड्यापासून घरी करता येतो. स्टीलच्या कढईत मंद आचेवर खायचा सोडा परतत राहा. थोड्या वेळाने पूड उकळल्यासारखी खदखदते. आतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. खदखद पूर्ण थांबली की सोडा तयार. ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवला तरी चालतो. १०० ग्रॅम खायच्या सोड्याचा साधारण ६३ ग्रॅम धुण्याचा सोडा होतो. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, सोडा त्याला खातो. धुण्याचा सोडा हातालाही लागतो, म्हणून हातमोजे घाला किंवा नंतर हात नीट धुऊन तेल लावा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचे व्हिडिओ खूप फिरतात. फेस छान येतो, पण त्या फेसात दोघेही एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं ते बहुतांशी पाणी आणि थोडंसं क्षार. सोडा धुताना वापरा, व्हिनेगर शेवटच्या पाण्यात वापरा. दोन्ही कामाचे आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, लिंबूफूल किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेलं काही ब्लीचमध्ये गेलं तरी विषारी वायूच तयार होतो. एका डागावर दोन उपाय करायचे असतील तर पहिला पूर्ण धुऊन निघेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

हळद

मराठी घरात सगळ्यात जास्त छळणारा डाग हाच, म्हणून यावर थोडं थांबते.

हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात विरघळतो, स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद कापडाला इतकी चिकटते. दुसरी गोष्ट, आम्लात तो पिवळा राहतो आणि आम्लारी लागली की लाल होतो. शाळेत हळदीची पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवून आपण हेच पाहिलं आहे. हळदीच्या पाण्यात चुना कालवला की ते कुंकवासारखं लाल होतं, तेही यामुळेच. साबणाने डाग लाल झाला म्हणजे काही बिघडलं, असं नाही. लिंबू लावल्यावर लाल जाऊन पिवळा परत दिसला म्हणजे डाग निघाला, असंही नाही. दोन्ही वेळा डाग तेवढाच असतो, रंग फक्त बदलतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची: कर्क्युमिन उन्हात मोडतं, आणि साबण-सोड्याच्या सान्निध्यात आणखी लवकर मोडतं. आजीला ही नावं माहीत नव्हती, पण साबणासकट ओली साडी उन्हात टाकायची हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुती पांढऱ्या कापडासाठी क्रम असा:

१. घट्ट भाग खरवडा. तेलकट असेल तर खडूची पूड किंवा टाल्कम दाबून २० मिनिटं ठेवा आणि झटकून टाका.

२. कोरड्या डागावरच भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, बोटाने हलकेच पसरवा, दहा मिनिटं ठेवा. आधी पाणी लावू नका, तेलावर लिक्विड कोरडंच चांगलं काम करतं.

३. मागच्या बाजूने कोमट पाण्याने धुवा. आता तेल गेलं, पिवळा रंग उरला.

४. उरलेल्या रंगाखाली जुनं फडकं ठेवा आणि कापसाला स्पिरिट लावून टिपा. पिवळा रंग खालच्या फडक्यावर उतरताना दिसतो. फडक्याची जागा बदलत राहा. हे करताना गॅस बंद, खिडकी उघडी.

५. कपडे धुण्याचा साबण लावा. डाग लाल होईल, होऊ द्या. साबण न काढता, पिळून, डाग वर येईल असा कडक उन्हात टाका. वाळला की पाणी शिंपडून पुन्हा ओला करा. एका दिवसात जो जात नाही तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो.

६. डाग पूर्ण दिसेनासा झाल्यावरच नेहमीसारखं धुऊन इस्त्री करा.

रंगीत कापडाला ऊन जपूनच द्यावं लागतं, कारण ऊन कापडाचा रंगही नेतं. तिथे चौथ्या पायरीवर जास्त भर द्या आणि उन्हात तास-दीड तासच ठेवा. रेशमावर यातलं काहीच नाही. लिक्विडचा एक थेंब गार पाण्यात मिसळून टिपा आणि बाकीचं जाणत्या ड्रायक्लीनरवर सोडा.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं. तेव्हा पहिल्या चार पायऱ्या करून कपडा वाळवा, इस्त्री न करता बाजूला ठेवा आणि ऊन पडलं की पाचवी पायरी करा. हळद थांबायला तयार असते.

चहा, पान आणि बाकीचे रंग

दुधाच्या चहाला आधी गार पाणी. मागून धार सोडून दूध आणि साखर काढा, मग लिक्विड लावून दहा मिनिटं ठेवा, धुवा. त्यानंतर कापड जाड सुती असेल तर डागाचा भाग पातेल्याच्या तोंडावर ताणून रबराने बांधा आणि हातभर उंचीवरून उकळतं पाणी बारीक धारेने ओता. पाय लांब ठेवा, मुलांना बाहेर काढा. तांबूस रंग पातेल्यात उतरतो. राहिलाच तर वाटीभर पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवून लावा, अर्ध्या तासाने धुवा. पांढऱ्यावर ३ टक्के पेरॉक्साइडही चालतं. कोऱ्या चहा-कॉफीत दूध नसतं, तिथे थेट गरम पाण्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

चहाचा डाग पडलेला कपडा लोखंडी बादलीत किंवा लोखंडी तारेवर ठेवू नका. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो, तसंच टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग तयार होतो. पूर्वी याच मेळातून शाई करत. तपकिरी डाग काळा झाला की काम दुप्पट होतं.

जांभूळ, डाळिंब, कोकम, करवंद यांनाही उकळत्या पाण्याची धार आणि मग लिंबूफूल हाच मार्ग. पान मात्र चिवट. त्यात काथ असतो आणि काथ हा पूर्वीपासून कापड रंगवायला वापरला जाणारा रंगच आहे. सोबतचा चुना त्याला बसायला मदत करतो. आधी लिंबाने चुना काढा, धुवा, मग पांढऱ्या सुती कापडावर पेरॉक्साइडचे थेंब टाकून अर्धा तास ठेवा. एका वेळेत जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, दोन-चार वेळा करावं लागतं.

लिंबू चोळलेले हात घेऊन उन्हात काम करू नका. लिंबाचा रस आणि ऊन यांनी कातडीला चट्टे येतात. रस लावा, हात धुवा, मगच गच्चीवर जा.

रक्त

गार पाणी, लगेच. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ घालून अर्धा तास बुडवून ठेवा, पाणी लाल झालं की बदला. मग अंगाच्या साबणाने हलकेच चोळा आणि गार पाण्यातच धुवा. वाळलेला डाग असेल तर ३ टक्के पेरॉक्साइडचे थेंब टाका. बुडबुडे येतात, ते थांबले की टिपून पुन्हा टाका. गडद रंगाच्या कपड्यावर आधी शिवणीत तपासा.

पाळीच्या कपड्यांबद्दल मुद्दाम लिहिते. कितीतरी घरांत मुलींना कुणी सांगतच नाही, आणि त्या स्वच्छ व्हावं म्हणून कढत पाणी ओततात. डाग तिथेच पक्का होतो. आधी गार पाणी आणि मीठ, रक्त पूर्ण गेल्यावर गरम पाणी आणि साबण. आणि कापडी पॅड वापरत असाल तर ते दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवू नका. दमट राहिलेल्या कापडावर जंतू वाढतात. दोरीच्या पुढच्या ओळीवर, मोकळ्या उन्हात टाका. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि घरातल्या मोठ्यांनी ते मुलीच्या कानावर घालायला हवं.

तेल, ग्रीस, शाई, गंज, घाम

तेल-तुपाची पद्धत हळदीत आलीच: पूड, कोरडं लिक्विड, कोमट पाणी. सायकलच्या साखळीचं काळं ग्रीस असेल तर आधी त्यावर थोडं खोबरेल चोळा. ते काळं तेल खोबरेलात सुटतं, मग लिक्विडने दोन्ही एकदम निघतात. मेणबत्तीचं मेण बर्फाने कडक करून खरवडा, उरलेल्यावर वरून-खालून टिश्यूपेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

बॉलपेनला स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर लावा आणि खाली फडकं ठेवून टिपा. चोळलं तर निळा ढग पसरतो. शाईपेनची शाई आधी भरपूर गार पाण्याने जितकी जाईल तितकी घालवा. जेलपेनचे काही रंग कशानेच जात नाहीत.

गंजाचे ठिपके गणवेशावर फार पडतात, कारण दोरीऐवजी लोखंडी तार असते. त्यावर मीठ घाला, लिंबू पिळा आणि तासभर उन्हात ठेवा. किंवा अर्धा कप गरम पाण्यात एक छोटा चमचा लिंबूफूल घालून ठिपका त्यात बुडवा. आम्ल गंज विरघळवतं आणि ठिपका समोर विरत जातो. नंतर दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा, नाहीतर आम्ल सुती धागा कमकुवत करतं. ब्लीच इथे अजिबात नको, त्याने गंज आणखी गडद होतो. आणि तार बदलून नायलॉनची दोरी बांधा.

कॉलरचा मळ म्हणजे अंगाचं तेल. त्याला केसांचा शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड लावून टूथब्रशने घासलं की पुरे. काखेतला पिवळा, कडक झालेला डाग वेगळा. त्यात घामाबरोबर घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार असतात. एक मग कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूफूल किंवा अर्धा कप व्हिनेगर घालून तो भाग तासभर भिजवा, मग साबण. असे डाग ब्लीचने बहुधा जास्तच पिवळे पडतात.

पाणी आणि साबण

घरी साबण किसून, त्यात सोडा घालून धुण्याची पावडर करावी का, असं बऱ्याच जणी विचारतात. उत्तर तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे.

स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी घ्या. साध्या अंगाच्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा त्यात टाकून दहा-पंधरा वेळा हलवा. वर भरपूर फेस आणि खाली जवळजवळ नितळ पाणी असेल तर पाणी मऊ. फेस नाममात्र आणि पाणी दुधाळ, वर पांढरा साका असेल तर पाणी जड. शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन म्हणतात. धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं, बोअरचं बहुधा जड. ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, तेच हे पाणी.

जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका करतात. तो कपड्यात बसतो. पांढरं राखाडी होतं, टॉवेल खरखरीत होतो, मशीनच्या पाइपात थर साचतो. किसलेल्या साबणाच्या घरगुती पावडरीने सहा महिन्यांत कपडे कळकट होतात ते यामुळे. डिटर्जंट असा साका करत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं: जड पाणी आणि वॉशिंग मशीन असेल तर घरगुती साबण-पावडरीच्या नादी लागू नका. साधं डिटर्जंट वापरा आणि त्यात धुण्याचा सोडा घाला. १० लिटरच्या बादलीला एक सपाट मोठा चमचा पुरतो. सोडा आधी पाण्यात विरघळवा, पाच मिनिटं थांबा, मग डिटर्जंट घाला. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो आणि डिटर्जंट नेहमीपेक्षा कमी लागतं. रेशीम, लोकर आणि रंग सोडणाऱ्या कपड्यांना सोडा नको.

पाणी मऊ असेल आणि कपडे हाताने धुणार असाल तर १०० ग्रॅम किसलेला कपड्याचा साबण, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि ५० ग्रॅम खायचा सोडा कोरडे मिसळून बरणीत भरा. बादलीला दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून घाला. शेवटच्या पाण्यात अर्धा कप व्हिनेगर टाकलं की साबणाचा अंश निघून टॉवेल मऊ राहतात. वास राहत नाही, वाळताना उडतो.

नवा रंगीत कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असं सर्रास सांगतात. मीठ त्या पाण्यापुरता रंग सुटण्याचा वेग कमी करतं, रंग पक्का मात्र करत नाही. रंग जाणारा कपडा पहिल्या चार-पाच धुण्यांना वेगळा धुणं हाच खात्रीचा उपाय.

रेशमासाठी आणि लोकरीसाठी रिठा

रेशीम आणि लोकर ही प्राणिज प्रथिनं आहेत. सोडा त्यांना कमकुवत करतो, ब्लीच तर अक्षरशः विरघळवतं, आणि एन्झाइम असलेलं डिटर्जंट रक्ताचं प्रथिन जसं तोडतं तसंच रेशमाचंही तोडतं. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी आणि सौम्य असतं. त्यातली सॅपोनिन ही द्रव्यं फेस आणतात आणि मळ सोडवतात.

१५-२० रिठे फोडून बिया काढा. टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात १५ मिनिटं उकळा. भांडं मोठं घ्या, फेस उतू जातो. गार झाल्यावर हाताने कुस्करा, पातळ फडक्याने दोनदा गाळा. मधासारखं तपकिरी, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी मिळतं. डोळ्यांना फार झोंबतं, मुलांपासून दूर ठेवा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.

साडीच्या पदराच्या आतल्या टोकाला ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. फडक्यावर रंग आला तर घरी धुऊ नका. नाही आला तर अर्धी बादली गार पाण्यात एक कप रिठ्याचं पाणी घाला, साडी पाच मिनिटं त्यात वर-खाली करा, चोळू नका. दोन गार पाण्यांतून काढा. पिळायचं नाही; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत, उलटी बाजू वर करून वाळवा. स्वेटर दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लांबतो, तो चटईवर पसरा. भारी जरीच्या पैठणीला हा प्रयोग करू नका. आणि पांढऱ्याशुभ्र रेशमावर रिठ्याचा पिवळसर अंश राहू शकतो, तिथे बाजारातलं सौम्य लिक्विड बरं.

पावसाळा आणि कपाट

पावसात कपड्यांना येणारा कुबट वास जंतूंचा असतो, अत्तराने तो जात नाही. शेवटच्या पाण्यात अर्धा कप व्हिनेगर घाला, मशीनमध्ये धुतलेले कपडे लगेच बाहेर काढा, आणि पंख्याखाली एकमेकांना न चिकटवता टाका. काळे बुरशीचे ठिपके पांढऱ्या सुती कपड्यावर आले तर बाहेर मोकळ्यावर आधी कोरडाच झटका, मग पेरॉक्साइड लावून अर्ध्या तासाने धुवा.

सुती साड्यांना खळ पावसाळ्यात देऊ नका. तांदळाची पेज असो की साबुदाण्याची खळ, ते पीठच. त्यावर बुरशी धरते आणि कसरही लागते. महिनोन्‌महिने ठेवायच्या साड्या खळ काढूनच ठेवा. ज्या दिवशी नेसायची त्याच्या आदल्या दिवशी खळ करा: दोन मोठे चमचे आरारूट गार पाण्यात कालवायचं, लिटरभर उकळत्या पाण्यात सोडून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गाळून अर्ध्या बादलीत मिसळायचं.

पांढऱ्याला नीळ देताना ती थेट बादलीत टाकू नका. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा, फडक्यातून गाळा, मग बादलीत. नीळ मळ काढत नाही. तिच्या निळेपणाने पिवळटपणा झाकला जातो, म्हणून डाग काढून झाल्यावरच ती द्यायची.

जे जात नाहीत

केळीचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल आणि बिब्बा. यांच्यावर पैसा आणि वेळ घालवू नका. केळीचा चीक ओला असताना दिसतही नाही; हवा लागली की तपकिरी होतो आणि मग कापड फाटेपर्यंत राहतो. बिब्ब्याचा रस तर परीट लोक मुद्दाम वापरत. कुणाचं कापड कुणाचं हे कळावं म्हणून कोपऱ्यावर बिब्ब्याने खूण करायची, वर चुना लावायचा. भट्टीत सोड्याने उकळूनही ती खूण जात नसे. बिब्बा अंगावर उतला तर फोड येतात, तेव्हा त्याचा डाग नखाने खरवडायलाही जाऊ नका.

आमच्याकडे दाराच्या मागे एक जुना पूर्ण बाह्यांचा सदरा टांगलेला असतो. केळफूल सोलायचं, फणस कापायचा, कैऱ्या उतरवायच्या, तर जो काम करणार तो आधी तो सदरा घालतो आणि हातांना खोबरेल चोळतो. चीक हाताला चिकटत नाही, आणि सदऱ्यावर काय पडलं याकडे कुणी बघतही नाही.